गोड्या पाण्याची सोयरीक

नाथा मोकल चौथीत शाळेतून उठला तो थेट मिठागरात उतरला. पेणच्या खाडीकाठी, वडखळच्या नाक्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर त्याचं गाव. तिथे पोरांना मास्तरांच्या छडीआधी खाऱ्या पाण्याची ओळख व्हायची. बाप मिठागरातला, आजाही मिठागरातला. वाफ्यातल्या पाण्यात हात बुडवून, ओली बोटं एकमेकांवर घासून, मीठ उद्या पडणार की परवा हे नाथा सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. जिभेवर घोटभर पाणी धरून ते कुठल्या गावच्या विहिरीचं हेही सांगायचा. या जिभेचा त्याला थोडा गर्व होता. पुढे त्या गर्वाने त्याला रडवलं.

खारातल्या माणसाला गोड्या पाण्याचं काय अप्रूप असतं, ते गोड्या पाण्यावर वाढलेल्यांना सांगून कळणार नाही. गावाच्या तिन्ही बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही. पावसाळा सरला की टँकर, आणि टँकर रुसला की कोसभर पायपीट. म्हणून सोयरीक जुळवताना इतर लोक घरदार बघतात, मुलाची नोकरी बघतात, तसं या गावातला मुलीचा बाप आधी विहीर बघायचा. विहिरीचं पाणी चाखायचं, चूळ न टाकता गिळायचं आणि मगच बैठकीला बसायचं. ‘पोरगी गोड्या पान्याला दिली’ असं सांगताना बापाची छाती फुगायची. ज्याची पोरगी खारातच राहिली, तो खाली मान घालून विडी ओढायचा.

नाथाला एकच मुलगी, सरू. तिच्यासाठी विहीर त्याने फार आधी हेरून ठेवली होती.

त्याचं असं झालं, की खाडीचा बांध फुटून मिठागर बुडालं आणि नाथा रोह्याच्या अलीकडे एका लहानशा कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. कारखाना सोऱ्याचा. फटाक्यात, काडेपेटीत पडतो तो सोरा. साहेबलोक त्याला नायट्रेट म्हणायचे. दिसायला मिठासारखाच पांढरा, पाण्यात मिठासारखाच विरघळणारा, त्यामुळे नाथाला काम परकं वाटलं नाही. अकरा वर्षं त्याने तिथे काढली. कारखान्याने त्याला पगार दिला आणि त्याचं नाक घेतलं. तेजाबाच्या वाफेने आधी सर्दी झाल्यासारखं व्हायचं, मग एके दिवशी बायकोने तळलेला बोंबील त्याला मातीसारखा लागला. काशीबाईने दृष्ट काढून पाहिली, पण नाक काही परत आलं नाही.

कारखान्याच्या खाली, उताराला लागून एक वाडी होती. जेवणाच्या सुट्टीत नाथा तिथल्या पहिल्याच घरी पाणी प्यायला जायचा. घर पुतळीबाईचं. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा जगन, आणि अंगणात बांधीव विहीर. त्या विहिरीच्या पाण्याचा पहिला घोट घेतला आणि नाथाने फुलपात्र लगेच पुन्हा पुढे केलं. इतकं गोड पाणी त्याने आयुष्यात चाखलं नव्हतं. "विहीनबाय" ही हाक त्याने मनातल्या मनात तेव्हाच मारून ठेवली असावी. एकोणनव्वदला कारखाना बंद पडला. एक्याण्णवला सरूचं लग्न जगनशी झालं. गावात परतल्यावर नाथाने चावडीपुढे उभं राहून ज्याला त्याला सांगितलं, की माझी सरू आता जन्मभर गोडं पाणी पिणार.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगा झाला, गुटगुटीत. सरूला दूध कमी यायचं म्हणून काशीबाई गाईच्या दुधात टँकरचं पाणी घालून बाळाला पाजायची. तीन महिन्यांनी बाळबाळंतीण सासरी गेली. महिनाभराने निरोप आला, की बाळाचे ओठ काळेनिळे पडले, नखं जांभळी झाली, आणि दवाखान्यात नेता नेता वाटेतच ते गेलं. कुणी म्हणालं बाहेरची बाधा, कुणी म्हणालं हृदयाला भोक. पुतळीबाईने मांत्रिक केले, राहिलेले नवस फेडले. वाईट झालं की आपल्याकडे कारणांचा तुटवडा कधी पडत नाही.

पंचाण्णवच्या डिसेंबरात सरू पुन्हा बाळंत झाली. या खेपेला मुलगी. तिचं नाव मृणाली ठेवलं. दोन महिन्यांची झाली तेव्हा नाथा तिला लस टोचायला पेणला घेऊन गेला, आणि तिथे त्याला टिपणीस साहेब भेटले. गोपाळराव टिपणीस, त्याच सोऱ्याच्या कारखान्यातले केमिस्ट. आता निवृत्त होऊन पेणला राहत होते. साहेबांनी त्याला घरी नेलं, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी चहा दिला. बोलता बोलता पहिल्या नातवाचा विषय निघाला. ओठ निळे पडले होते म्हणताच साहेबांनी कप खाली ठेवला.

"नाथा, विहीर कुठली? आपल्या कारखान्याखालची?"

"व्हय सायेब. तुम्ही पन प्यायलाव की तिथलं."

 साहेब सावकाश म्हणाले, "पाण्यात नायट्रेट असलं तर मोठ्या माणसाला कळतसुद्धा नाही. तान्ह्या पोराच्या रक्तातली हवा वाहायची ताकद मात्र ते काढून घेतं. पोर निळं पडतं."

"पन पानी विहीनबाय उकळून देते सायेब. अर्धं होईस्तोवर उकळते. लई निगुतीची बाई हाय."

हे बोलता बोलताच नाथाला कळलं. पाणी उकळून मीठ जात नाही, दाट होतं. हे जगात कुणाला ठाऊक नसलं तरी त्याला ठाऊक असायला हवं होतं. त्या बाईने जितकी काळजी घेतली, तितकं ते विष दाट केलं होतं.

दोघांनाही एक गोष्ट आठवत होती आणि दोघंही ती बोलत नव्हते. कारखान्याच्या मागे उतारावर एक खड्डा होता. टाक्या धुतल्या की ते पाणी, फाटक्या गोण्यांमधला ओला सोरा, सगळं त्या खड्ड्यात जायचं. ओतायचं काम नाथाचं होतं. अकरा वर्षं, दर शनिवारी.

"माती गाळून घेते असं आम्ही समजायचो," अखेर साहेब म्हणाले. 

सरू मृणालीला घेऊन सासरी जायला आता जेमतेम महिना उरला होता. साहेब स्वतः नाथाबरोबर वाडीवर गेले. पुतळीबाईसमोर त्यांनी काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेतलं, त्यात एका बाटलीतलं हिरवट पाणी घातलं, दुसऱ्या बाटलीतून तेजाब सोडलं. नळीत तपकिरी कडं उमटलं. "हे बघा," साहेब म्हणाले. पुतळीबाईने बघितलं, नळीकडे नाही, बाटल्यांकडे.

"बाटलीतलं औषध घालून कायबी रंग काढाल तुम्ही. आमचे व्याही अकरा वर्सं हेच पानी प्यायले, त्यांना काय झाला? माझा जगन याच विहिरीवर वाढला. चांगल्या पान्याला नाव ठेवताव ते कशाला? पोरगी धाडायची नसंल तर तसा सांगा."

जगन तान्हा होता तेव्हा कारखानाच नव्हता. हे उत्तर नाथाच्या ओठांवर आलं होतं. पण ते दिलं असतं तर कारखान्याचं नाव निघालं असतं, मग खड्ड्याचं, मग खड्ड्यात ओतणाऱ्याचं. तो गप्प बसला. आयुष्यात इतका महागडा गप्प तो कधी बसला नव्हता.

"बाटलीतलं काय घालू नका," पुतळीबाई शेवटी म्हणाली. "पानी आनि वरचं ऊन. त्याच्यात दिसलं तर मी मानीन."

परतताना एस.टी.त साहेब हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना हसू आलं होतं. "बाईने मागितलंय ते होण्यासारखं आहे," ते म्हणाले. नायट्रेटला वास नाही, चव नाही, रंग नाही. पण त्याच्यात तांब्याचा पत्रा बुडवून वीज सोडली, तर त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनियाचा वास कुणाला सांगावा लागत नाही. बंद गोठ्याचं दार सकाळी उघडलं की जो भपकारा येतो, तोच. वीज तर सौरदिव्याची पाटी उन्हातूनच काढून देते. पाणी मात्र आधी दाट करायला हवं, नाहीतर वास फार पुसट येईल.

"पानी दाट करायचं माझ्यावर सोडा," नाथा म्हणाला.

वडखळच्या भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या सरकारी सौरदिव्याची एक पाटी मिळाली. साहेबांनी कागदावर सगळं लिहून दिलं: दोन काचेच्या बरण्या, दोन्हींत एकेक तांब्याचा पत्रा आणि एकेक स्टीलचा तुकडा, एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत पेणच्या नळाचं, दोन्हींतून वीज सारखीच. पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून चिमूटभर धुण्याचा सोडा, आणि शेवटी वास मोकळा सुटावा म्हणून थोडा चुना. सोडा आणि चुना पुतळीबाईच्याच घरचे घ्यायचे, म्हणजे तिला बोलायला जागा नको. एवढं सांगून साहेब मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले.

नाथाने आधी घरी करून बघायचं ठरवलं. विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन आणले, अंगणात ताडपत्रीचा वाफा केला आणि तीन दिवसांत वीस लिटरचं लिटरभर केलं. पाटी उन्हात धरली. पत्र्यावर बुडबुडे येत होते, पण अगदीच मरतुकडे. आणखी सोडा घालावा हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात आलं ते मीठ. तीन पिढ्या ज्याने पोसल्या, ते याही वेळी पोसेल. त्याने मूठभर खडा मीठ बरणीत टाकलं, आणि काय सांगावं, बुडबुडे उसळायला लागले. नाथाचा चेहरा उजळला. नाक नव्हतं, म्हणून त्याने काशीबाईला हाक मारली.

"वास येतो का गो?"

काशीबाईने बरणीवर तोंड नेलं आणि झटकन मागे घेतलं. "येतो तं! नाकात झोंबतो. डोले चुरचुरले माझे."

कसला वास, हे त्याने विचारलं नाही. हवं ते उत्तर मिळालं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुतळीबाईच्या अंगणात दोन वाफे मांडले गेले, एक विहिरीच्या पाण्याचा, दुसरा पेणच्या नळाच्या पाण्याचा. ती बाई पक्की. चारही दिवस वाफ्यांपाशी पाट टाकून बसली होती, हातात काठी, कोंबडीलाही जवळ फिरकू दिलं नाही. पाचव्या दिवशी वाडीतली वीस-पंचवीस माणसं जमली. नाथाने दोन्ही बरण्यांत पुतळीबाईच्याच घरचं मीठ टाकलं. पाटीला तारा जोडल्या. दोन तासांनी चुना टाकून झाकण काढलं आणि म्हणाला, "आता बघा वास घेऊन."

पुतळीबाईने पहिल्या बरणीचा वास घेतला. मग दुसरीचा. मग पुन्हा पहिलीचा. तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला.

"व्याही, हा तर टीसीएलचा वास. पंचायतीचा मानूस पावसाल्यात विहिरीत टाकतो त्या पावडरीचा. दोन्हीला सारखाच. म्हंजे तुमच्या उन्हानं आमचा पानी आनखीच शुद्ध केला."

लोक हसले. जगनने हसू दाबलं, ते नाथाला जास्त लागलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही भर अंगणात. आठवड्याने सरू मृणालीला घेऊन सासरी गेली. जाताना तिने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि ते नाथाला अधिक असह्य झालं.

मग नाथाने सुरू केलं ते वेडच म्हणायचं. एक दिवसाआड पेणच्या नळाचे दोन कॅन घेऊन एस.टी.त चढायचा, नागोठण्याला गाडी बदलायची, वाडीवर कॅन ठेवायचे. कंडक्टर त्याला "काय, गंगाजल?" म्हणून चिडवायचे. पहिल्या दिवशी पुतळीबाईने कॅन बघितले, उचलले आणि दोन्ही माडाच्या मुळाशी ओतले. गोड्या विहिरीच्या घरी बाहेरून पाणी आणणं म्हणजे तिच्या तोंडावर मारणं होतं, आणि ती चुकीचं वागत होती असं कुणी म्हणू नये. मृणालीला वरचं दूध पुतळीबाई स्वतः पाजायची. पहिला नातू गेल्यापासून ते काम तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. पाणी ती अजूनही अर्धं होईपर्यंत उकळायची.

तीन आठवड्यांनी टिपणीस साहेब डोळ्याला काळा चष्मा लावून मुंबईहून पेणला आपल्या घरी परतले. नाथाने तिथे जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी एकच विचारलं, "पाण्यात काय घातलंस?"

"मीठ."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग जवळ बसवून त्याला समजावलं. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की त्यातला क्लोरीन सुटतो. टीसीएलमध्ये तोच असतो. आणि अमोनियाचा तो हाडवैरी, दिसला की संपवतो. "अमोनिया झाला होता रे नाथा. तुझ्या मिठाने खाल्ला तो."

नाथा उठून बाहेर गेला आणि साहेबांच्या पायरीवर बसून रडला. ज्या मिठाला आपण जन्मभर जागलो, त्याने आपल्याला भर अंगणात उघडं पाडलं, याचं ते रडू नव्हतं. त्या दिवशी काशीबाईला ‘कसला वास’ एवढं विचारलं असतं तर पोर आज त्या घरात नसती, याचं ते रडू होतं.

दुसऱ्या दिवशी तो वाडीवर गेला तेव्हा सरूने त्याला माडाआड बोलावलं आणि मृणालीचा हात पुढे केला. नखांच्या मुळाशी फिकट जांभळी रेघ होती.

"बाबा, त्याचा पन असाच झालेला. आधी नखं."

मग जे सरूने केलं ते तिच्या बापाला कधी जमलं नसतं. ती सासूपुढे जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "आई, बाबांना अजून एकदा बघू द्या. चार दिवस. तवर पोरीला माझ्याच अंगावर राहू द्या, उपाशी राहिली तरी चालेल. या वेळी बी तुमचाच खरा ठरला तर बाबा परत या दारात येनार नाय."

पुतळीबाईने सुनेकडे बघितलं, मग नाथाकडे. "कबूल?"

"कबूल," नाथा म्हणाला. एकुलत्या एका मुलीचं दार त्याने पणाला लावलं होतं.

पुन्हा वाफे, पुन्हा चार दिवसांचं ऊन, पुन्हा पाटावर पुतळीबाई. एप्रिलचं ऊन मार्चपेक्षा कामाचं होतं. नाथा दर दोन तासांनी पाण्यात हात घालून बोटं घासून बघायचा आणि मान हलवायचा. ही एक विद्या तरी त्याची अजून शाबूत होती. पाचव्या दिवशी टिपणीस साहेब आले. या वेळी मीठ नाही, पुतळीबाईच्या घरचा धुण्याचा सोडा पडला. साहेबांनी तिच्याकडे आणखी एक गोष्ट मागितली, हळद. जुन्या धोतराच्या दोन चिंध्या हळदीच्या पाण्यात भिजवून त्यांनी प्रत्येक बरणीच्या तोंडावर आतून एकेक टांगली, पाण्यापासून चांगली वीतभर वर.

"हळदीला चुना लागला की काय होतं, ते तुम्हांला ठाऊक आहे," साहेब पुतळीबाईला म्हणाले. "पण इथे चुना हळदीला शिवणार नाही. चुना दोन्ही बरण्यांत पडेल. अमोनियाची वाफ ज्या बरणीतून निघेल, तिथलीच हळद लाल होईल. तुमच्या व्याह्यांना वास येत नाही. त्यांना निदान दिसू दे."

नाथाला नाक नाही, हे वाडीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दोन तास पाटी उन्हात तळपत राहिली. मग सोडा पडला तसाच दोन्ही बरण्यांत चुना पडला, फडकी बांधून बरण्या उन्हात ठेवल्या. कुणी हसलं नाही. पेणच्या पाण्यावरची चिंधी पिवळीच राहिली. विहिरीच्या पाण्यावरची कडेने आधी केशरी झाली, मग विटकरी, मग कुंकवासारखी लाल. नाथा बरणीकडे बघत नव्हता, तो पुतळीबाईच्या तोंडाकडे बघत होता. तिने फडकं सोडलं, वाकली, आणि तिचा पदर आपोआप नाकावर गेला.

"गोठ्याचा वास," ती म्हणाली.

तिने दुसऱ्या बरणीवर वाकून बघितलं. तिथे काही नव्हतं. ती परत पहिलीकडे आली, लाल चिंधी बोटांत धरली आणि खाली बसली. वाडीतल्या बायका पुढे होऊन वास घेऊन मागे सरत होत्या, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कुणालाही उद्देशून नाही अशी बोलली.

"म्हंजे माझ्याच हातानं. उकळून उकळून. मीच पाजला त्याला."

ही गोष्ट सिद्ध झाली की या बाईवर काय कोसळेल, याचा विचार नाथाने केला नव्हता. आता ती समोर बसली होती आणि चिंधीचा लाल रंग तिच्या बोटांना लागत होता. गप्प राहिला असता तर तो सुटला असता. सोरा कुठून आला हे कुणी विचारत नव्हतं. टिपणीस साहेबही काळ्या चष्म्याआड उभे होते.

"नाय विहीनबाय," नाथा म्हणाला. तो तिच्यासमोर मातीत बसला. "नाय. तुम्ही पाजला ते पानी. त्या पान्यात हे मी घातला. वर कारखान्याच्या मागं खड्डा हाय. अकरा वर्सं दर शनवारी टाक्या धुवून मी तिथं ओतत होतो. आनि ओतून झाल्यावर तुमच्याच दारी येऊन पानी प्यायचो. गोड हाय म्हनायचो. गोड हाय म्हनून पोरगी दिली. नातू तुमच्या हातानं नाय गेला. माझ्या हातानं गेला."

"ओतायला मी सांगितलं होतं," साहेब मागून म्हणाले. त्यांच्याकडे कुणी वळून बघितलं नाही.

जगन पुढे आला, त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. पुतळीबाईने हात आडवा धरून त्याला थांबवलं. ती उठली, विहिरीवर गेली, रहाटावरचा दोर उतरवला, गुंडाळला आणि पोहऱ्यासकट पडवीत नेऊन ठेवला. नाथाशी ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे तीन वर्षं नाही.

मृणालीच्या नखांवरची रेघ दोन आठवड्यांत गेली. नाथाचे कॅन चालू राहिले. एक दिवसाआड, दोन कॅन, पेण, नागोठणे, वाडी. आता ते कुणी ओतत नव्हतं. नाथा ते कुंपणाच्या आत ठेवायचा, रिकामे उचलायचा आणि उभ्याउभ्याच मागे फिरायचा. सरू येऊन बोलायची, पुढे मृणाली दुडुदुडु धावत यायची. पण आपल्याकडे दारात आलेल्या परक्या माणसालाही आधी पाणी विचारतात, ते त्या घरात त्याला कुणी विचारलं नाही. सरूने एकदा तांब्या भरला होता, तर नाथानेच मान हलवली. त्या घरचं पाणी मागायचा हक्क आपण गमावला, असं तो काशीबाईला म्हणाला. मिठागरातले जुने सोबती केरू आणि सखा त्याच्याबरोबर गेले, आणि तिघांनी मिळून तो खड्डा उपसून काढला. माती दूर नेऊन टाकली. कारखान्याचा मालक कुठे होता, कुणालाच ठाऊक नव्हतं.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात वाडीला नळ आला. नाथाला हे सरूने आधीच सांगितलं होतं, तरी तो ठरल्या दिवशी कॅन घेऊन गेला. शेवटचं म्हणून गेला असेल. साठीला टेकलेल्या माणसाच्या खांद्यांना तेवढीच सुटका. कुंपणाशी कॅन ठेवून तो वळणार, तेवढ्यात पडवीतून आवाज आला.

"बसा."

पुतळीबाई तांब्या-फुलपात्र घेऊन बाहेर आली होती. तिने पाट टाकला, बाजूला गुळाचा खडा ठेवला आणि तांब्या पुढे केला. नाथाने तो दोन्ही हातांनी घेतला. घोट तोंडात धरला. नाक नसलं तरी जीभ त्याचीच होती.

"हे तुमच्या नळाचं नाय," तो म्हणाला.

"नाय. परवा तुम्ही आनलेलं." पुतळीबाई उंबऱ्याशी टेकली. अंगणात मृणाली एका फुटक्या बरणीत माती भरत होती. "नळाचं चाखलं मी. लई गोड हाय. गोड लागलं म्हनून पोरीला द्यायला हात धजला नाय."

नाथाने तांब्या तोंडाला लावला आणि तळाचा थेंबही ठेवला नाही.

"परवा येताव ना?" तिने विचारलं.

"येतो," नाथा म्हणाला, आणि रिकामे कॅन उचलले.